पुरातून आलेली अल्टो : चिपळूणच्या गॅरेजमधल्या नोंदी, २०२१

शनिवार, २४ जुलै

गुरुवारी पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं, ते आता उतरलंय. वीज नाही. मोबाईलला रेंज येते आणि जाते. आमचं गॅरेज गुहागर बायपासच्या चढावर असल्यामुळे वाचलं. फोन लागत नाहीत म्हणून माणसं सकाळपासून चालत येताहेत, चपलांना घोट्यापर्यंत गाळ. २००५ च्या पुराच्या वेळी मी दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकत होतो, तेव्हाच्या गाड्या आठवतात. या वेळी पाणी त्याहून वर चढलं.

येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतोय. चावी लावू नका, सेल्फ मारू नका, ‘बघू तरी चालू होतेय का’ असं करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि गाडी आहे तिथेच राहू द्या. विमा असेल तर आधी फोटो काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका.

दुपारी पहिली गाडी टोचन करून आणली. अल्टो ८००, २०१४ ची. बाजारपेठेत खानावळ चालवणाऱ्या काकांची. डबे पोचवायला हीच गाडी. खानावळीत गाळ, भांडी वाहून गेली, फ्रीज उलटा पडलाय. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे पुराचं नुकसान सगळं स्वतःच्या खिशातून. काका म्हणाले, “होण्यासारखी असेल तरच हात लाव, नाहीतर भंगारात घालू.”

पाण्याची रेघ आतून बघितली. स्टिअरिंगच्या वरच्या कडेला लागलीय. रेघ सीटच्या खाली असती तर काम निम्मं असतं. इथे मीटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग सगळं पाण्याखाली गेलंय. पुरात गाडी चालू केली होती का, असं विचारलं. “नाही रे, दारात उभी होती तशीच बुडाली,” काका म्हणाले. मुलगा बाजूला उभा होता, तो काही बोलला नाही.

या गाडीची नोंद वेगळ्या वहीत ठेवतोय. पुराच्या गाडीचा आजार महिन्यांनी वर येतो, आणि तेव्हा आधी काय उघडलं आणि काय नाही, हे लक्षात राहत नाही. आयटीआयचा पोरगाही हाताखाली आहे, त्याला वाचता येईल.

रविवार, २५ जुलै

गाडी धुवायला पाणी नाही. गावभर पूर आणि नळ कोरडे. वरच्या वाडीतल्या विहिरीवरून टाकी भरून आणली. गाळ ओला आहे तोवर निघतो. सुकला की प्लास्टरसारखा बसतो, मग कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडावा लागतो. गाडी पाण्यापेक्षा गाळाने जास्त मरते. आणि हा नुसता नदीचा गाळ नाही. बाजारपेठेतलं धान्य, कांदे, सिमेंट, डिझेल, सगळं त्यात आहे. वास डोक्यात जातो.

बाहेरून आणि खालून धुऊन काढली. प्रेशर वॉशर जनरेटरवर चालवला, पण इंजिनवर प्रेशर मारला नाही, नुसता पाइप धरला. आधीच भिजलेल्या कनेक्टरमध्ये जोराने आणखी गाळ घुसवायचा नाही.

सोमवार, २६ जुलै

इंजिन उघडायला घेतलं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या दोन बोटं वर, रंग दुधाच्या चहासारखा. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडला तर आधी पाणी आलं, मग ऑइल. गिअरबॉक्समध्येही तेच. श्वास घ्यायची नळी असते तिथून पाणी आत जातं.

एअर फिल्टर काढला. कागद आतल्या बाजूला चिमटलेला आणि घड्यांत गवताच्या काड्या रुतलेल्या. हे लिहून ठेवतो. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर फिल्टर भिजतो, गाळाने भरतो, पण असा आत ओढला जात नाही.

तिन्ही प्लग काढले. क्रँक पुलीच्या बोल्टला रॅचेट लावून इंजिन हातानेच हळूहळू फिरवलं. पहिल्यातून आणि तिसऱ्यातून थोडंथोडं पाणी आलं, दुसऱ्यातून भसकन आलं. पूर्ण दोन फेरे झाले, कुठे अडकलं नाही.

पोराने विचारलं, सेल्फ मारायला एवढं का घाबरायचं? त्याला हिशोब करून दाखवला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकेकात २६५ सीसी. दाबाचं प्रमाण साधारण दहास एक. पिस्टन पूर्ण वर आल्यावर डोक्यावर उरते ती जागा तीसेक मिलीची, चहाच्या अर्ध्या कटिंगएवढी. हवा तेवढ्या जागेत दबते, पाणी दबत नाही. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला जायला जागा नसते, आणि मागून येणारा जोर कनेक्टिंग रॉडवर पडतो. सेल्फने बहुतेक वेळा इंजिन नुसतं अडकतं. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं तर रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडलं. रोज सकाळी चार फेरे हाताने द्यायचे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गंजून धरणार नाहीत. पोराकडे हे काम दिलं.

बुधवार, २८ जुलै

आतलं सगळं बाहेर. सीट, कार्पेट, दारांचे पॅड, मागची फळी. पत्र्याच्या तळाला रबरी बुचं असतात, ती काढल्यावर गाळ आपोआप वाहायला लागला. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती बुजलेली होती. मागचं दार हलवून बघितलं तर आत वीतभर पाणी डुचमळत होतं. सळईने भोकं मोकळी केली.

सीटचा फोम चार वेळा धुतला. ऊन नाही, तरी लाकडी फळीवर उभ्या करून ठेवल्यात. कार्पेटखालचा जाड नमदा फेकून दिला. तो वाळत नाही, आणि त्याच्याखाली पत्रा वर्षभर ओला राहतो.

पेट्रोलची टाकी उतरवली. खालचं बाटलीत काढलं तर दोन थर दिसले, खाली गढूळ पाणी, वर पेट्रोल. टाकी रिकामी करून धुतली, पंप बाहेर काढून ठेवलाय.

शनिवार, ३१ जुलै

आज वीज आली, म्हणून वायरिंगला हात घातला.

बॅटरी जोडलेली असताना गाडी बुडाली की नुसतं भिजत नाही. पिनांमधून पाण्यात करंट वाहतो आणि तांबं खाल्लं जातं. म्हणून बॅटरी आधी सोडवायला सांगतो. या गाडीची दोन दिवस तशीच जोडलेली होती. फ्यूज बॉक्सच्या मागच्या कनेक्टरमध्ये हिरवा-पांढरा फुलोरा आलाय. ज्या पिनांवर चावी बंद असतानाही करंट असतो त्यांच्यावरच जास्त, बाकीच्या बऱ्या आहेत.

प्रत्येक कनेक्टर सोडवायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, फुंकायचा, पिन भिंगातून बघायची. आजच्या दिवसात एकोणीस झाले. कंटाळवाणं काम आहे, पण एक पिन सुटली तर तीच पुढच्या पावसात गाडी रस्त्यात उभी करणार.

ईसीयूचा डबा उघडला. आत ओल होती, गाळ नव्हता. सर्किटच्या प्लेटवर लाखेसारखा थर असतो, त्याने राखलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुतली. सुकवायला खोक्यात साठचा बल्ब लावून ठेवली. हीट गन मारायची नाही, बारीक टाके सुटतात.

सेल्फ आणि अल्टरनेटर पूर्ण उघडले. सेल्फमध्ये कार्बन ब्रश गाळात बसलेले. धुऊन, सुकवून, ब्रश आणि बुश नवीन. अल्टरनेटरची बेरिंग नवीन.

शेजारी उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीच्या मालकाला आज स्पष्ट नाही म्हटलं. एअरबॅगचं युनिट धुऊन बसवून द्या म्हणत होते. गाडीला विमा आहे, नवीन मिळेल. ते युनिट आयुष्यात एकदाच काम करतं आणि त्या वेळी चुकलं तर पुन्हा संधी नाही. धुतलेल्या युनिटवर मी सही करणार नाही.

मंगळवार, ३ ऑगस्ट

ऑइल दोनदा बदललं. स्वस्तातलं घालायचं, हाताने फिरवायचं, काढायचं. तिसऱ्यांदा घातलेलं साफ दिसतंय.

इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर सोडवून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, सेल्फवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, घेतलं. पहिला १२ किलो. दुसरा साडेनऊ. तिसरा पावणेबारा.

दुसऱ्यात ऑइल सोडून पुन्हा घेतलं. साडेनऊच. रिंगा गळत असत्या तर ऑइलने आकडा चढला असता. प्लगच्या भोकातून हवा भरली, एक्झॉस्टला आणि इनटेकला कान लावला, कुठे फुसफुस नाही. म्हणजे वाल्वही धरलेत. हवा कुठूनच जात नाही आणि तरी दाब कमी.

मग या इंजिनात प्लग मधोमध असतो त्याचा फायदा घेतला. सरळ तार भोकातून पिस्टनवर टेकवली, पिस्टन पूर्ण वर आणला, तारेवर खूण केली. तिन्ही सिलिंडरना तेच. पहिल्याची आणि तिसऱ्याची खूण जुळली. दुसऱ्यात तार दोन मिलिमीटर जास्त आत गेली.

रॉड वाकलाय. पिस्टन पूर्ण वर येत नाही, म्हणून वरची जागा वाढली आणि दाब उतरला. गणित करून बघितलं, दोन मिलिमीटरला साधारण एवढाच आकडा उतरायला हवा. फिल्टरचा कागद आत का ओढला गेला होता, तेही आता कळलं. ही गाडी उभी बुडालेली नाही.

बुधवार, ४ ऑगस्ट

मुलगा संध्याकाळी एकटाच आला. एकोणीस-वीसचा असेल. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “दादा, गाडी मी काढली होती.”

पहाटे पाणी अंगणात आलं तेव्हा गाडी चढावर नेऊन ठेवावी म्हणून त्याने काढली. वळणावर पाणी बॉनेटपर्यंत आलं, एकदम ठक् असा आवाज झाला आणि गाडी बंद पडली. अंधारात ढकलत परत दारात आणून उभी केली आणि माडीवर चढला. बाबांना सांगितलं नाही. आधीच दुकान गेलंय, त्यात हे कसं सांगू, असं म्हणत होता. तेरा दिवस त्याने हे एकट्याने पोटात ठेवलं होतं.

त्याला म्हटलं, तू गाडी वाचवायलाच काढली होतीस. एवढं पाणी येईल हे त्या पहाटे कोणालाच ठाऊक नव्हतं. ठक् झाल्यावर पुन्हा सेल्फ मारलास का? म्हणाला, नाही, घाबरलो. मग तेच बरं केलंस, पुन्हा मारला असतास तर ब्लॉकही जाऊ शकला असता. हे त्याला बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं, खरंच तसं आहे.

काकांना त्याने स्वतःच सांगावं, असं ठरलं. मी फक्त खर्चाचा कागद करून देणार.

सोमवार, ९ ऑगस्ट

काकांनी होकार दिला. मुलाबद्दल एवढंच म्हणाले, “पोर त्या पाण्यात गेला होता हे मला आज कळतंय. गाडीचं काय घेऊन बसलास.”

टायमिंगच्या खुणा रंगाने पक्क्या करून बेल्ट काढला. बेल्टच्या कव्हरमध्येही गाळ होता, बेल्ट आणि टेन्शनर नवीनच घालायचे. हेड उतरवलं, खालून चेंबर काढला, दुसरा पिस्टन वरून बाहेर घेतला.

रॉड हातात घेऊन कळत नाही. चांगल्या रॉडशेजारी काचेवर ठेवला तेव्हा वाक दिसला. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या कडेवर, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली चकाकी आलीय, तिरका चालल्याची खूण. क्रँकच्या जर्नलला, म्हणजे रॉड बसतो त्या भागाला, ओरखडा नाही, बेरिंग शेल मात्र बदलणार. बोअरला, म्हणजे सिलिंडरला आतून, गेज लावून तीन उंचींवर, आडवंउभं मोजलं. मूळ माप ६८.५ मिलिमीटर, झीज बदलण्याइतकी नाही. ब्लॉक वाचला.

गावातल्या एका जुन्या कारागिराने सांगितलं, रॉड प्रेसवर सरळ करून घे, शेकड्यांत काम होईल. त्यांच्याविषयी मला आदर आहे, बोअरिंगचं माप घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण हे करणार नाही. एकदा वाकलेलं लोखंड सरळ दिसतं, आतून दमलेलं असतं. हा रॉड मिनिटाला हजारो वेळा ताणला आणि दाबला जातो. तुटला तर ब्लॉक फोडतो, आणि ती गाडी त्या वेळी परशुराम घाटात असू शकते.

नवीन रॉड, पिस्टन, तिन्हींच्या रिंगा, शेल, हेड पॅकिंग यांची यादी रत्नागिरीला दिली.

मंगळवार, १७ ऑगस्ट

सामान एसटीच्या पार्सलने आलं. नवीन रॉड जुन्या दोघांशी वजनाला लावला, सोनाराच्या दुकानातून काटा मागून आणला. फरक नगण्य. तिन्ही रॉडची वजनं जुळली नाहीत तर इंजिन आयुष्यभर थरथरतं. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासला, सरळ आहे.

शुक्रवार, २० ऑगस्ट

इंजिन बांधलं. आज पोराच्या हातून करून घेतलं, मी फक्त शेजारी बसलो. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. शेलला ऑइल लावल्याशिवाय क्रँकवर ठेवायचं नाही. रॉडच्या नटांना टॉर्क पाना लावायचाच, हाताच्या अंदाजावर सोडायचं नाही. हेडचे बोल्ट मधून बाहेर, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. त्याने एक बोल्ट क्रम चुकून आवळला, स्वतःच थांबला, सगळे सैल करून पहिल्यापासून घेतले. मला फार बरं वाटलं. आयटीआयच्या दोन वर्षांत पुस्तक शिकवतात. चूक झाल्यावर थांबायचं, हे त्याच्या स्वतःच्या अंगात आहे.

बेल्ट बसवून खुणा जुळवल्या आणि दोन फेरे हाताने फिरवून पुन्हा बघितल्या.

सोमवार, २३ ऑगस्ट

काल नारळीपौर्णिमा, गॅरेज बंद. आज ईसीयू बसवला, टाकीत ताजं पेट्रोल, पंप नवीन. आधी इंजेक्टर सोडवून सेल्फवर ऑइलचा दाब येऊ दिला, मीटरवरचा दिवा विझला. मग कनेक्टर जोडले.

दुसऱ्या सेल्फला चालू झाली. अर्धा मिनिट पांढरा धूर, सायलेन्सरमधलं उरलेलं पाणी. मग साफ. तिन्हीवर एकसारखी चालतेय. गरम झाल्यावर फॅन आपोआप लागला. वीस मिनिटांनी बंद करून ऑइल बघितलं, साफ. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नाहीत. कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं, दुसरा आता १२.

शनिवार, २८ ऑगस्ट

ब्रेक. मागचे ड्रम उघडले तर शूवर गाळाचं पीठ बसलेलं. व्हील सिलिंडरच्या रबराखाली गंज, दोन्ही नवीन. पुढच्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरलं. ते तसंही हवेतलं पाणी ओढतं, इथे तर डबाच बुडाला होता. पाणी मिसळलेलं ब्रेक ऑइल घाटात तापलं की वाफ होते आणि पेडल खाली बसतं. माणसं पुराच्या गाडीत इंजिनाचीच चौकशी करतात. मला ब्रेकची जास्त काळजी असते.

चारही चाकांच्या बेरिंगी फिरवून बघितल्या. मागची डावी गुरगुरते, बदलली.

बुधवार, ८ सप्टेंबर

परवा गणपती. काकांना सामानाला गाडी हवी होती, आज दिली. मजुरी दिवाळीपर्यंत हप्त्याने द्यायची ठरली.

देताना एक कागद दिला आणि वाचूनही दाखवला. काय बदललं, काय धुऊन परत घातलं, आणि पुढे काय बिघडू शकतं : दारांची कुलपं, वायपरची मोटर, ब्लोअर, मीटरचे दिवे, मधली वायरिंग. गाडी कधी विकायची झाली तर पुरातली आहे हे घेणाऱ्याला सांगा, असंही त्यात लिहिलंय. काका म्हणाले, “सांगणार. आमच्या गावची कुठली गाडी पुरातली नाही आता?”

गाडी मुलगाच चालवत घेऊन गेला.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

ब्लोअर बंद पडला म्हणून आली. मोटरच्या कनेक्टरमध्ये पुन्हा हिरवा फुलोरा. जुलैत हा कनेक्टर धुतला होता, पण वायरच्या आवरणाच्या आत पाणी चढलेलं असतं ते दिसत नाही. चार बोटं वायर कापली, आत तांबं काळं. चांगल्या तांब्यापर्यंत कापून नवीन तुकडा जोडला, टाका मारला. याच जातीचे अजून दोन कनेक्टर आज न बिघडताच उघडून बघितले, एकात सुरुवात झालेली. तोही केला. ऑइल बदललं, साफ.

सोमवार, २९ नोव्हेंबर

सर्व्हिसला आली. कॉम्प्रेशन तिन्ही १२ च्या आसपास. ब्रेक चांगले. खानावळ सुरू झालीय, दिवसाला चाळीस डबे जातात, काकांचा मुलगा म्हणाला. मागच्या उजव्या दाराचं कुलूप जड झालं होतं, उघडून ग्रीस केलं. दाराच्या खालच्या रबराखाली अजून चिमूटभर गाळ निघाला, पोराने धुतला. पुढची तपासणी पावसाच्या आधी, मेमध्ये. तळाची रबरी बुचं तेव्हा परत उघडायची.